क्लॉन्डाइकचे आंबट पीठ : एका पॅनकेकचा इतिहास

१/ २०२० च्या टाळेबंदीत अनेक देशांतील दुकानांमधून यीस्ट दिसेनासे झाले आणि असंख्य घरांच्या ओट्यावर काचेची एक बरणी येऊन बसली. तीत फक्त पीठ आणि पाणी. रोज थोडे काढायचे, रोज थोडे नवे घालायचे. आठवडाभरात पीठ फसफसू लागे. हेच सावरडो पावाचे आंबवण, म्हणजे ‘स्टार्टर’. लवकरच साऱ्यांपुढे एकच प्रश्न उभा राहिला : रोज काढलेल्या पिठाचे करायचे काय? अनेकांनी शोधलेले उत्तर होते पॅनकेक.

२/ हे उत्तर नवे नव्हते. सव्वाशे वर्षांपूर्वी, ध्रुववृत्ताच्या थोडे दक्षिणेस, जेथे हिवाळ्यात पारा उणे ४० अंशांच्या खाली जातो, तेथे सोन्याच्या शोधात गेलेली माणसे सकाळी असेच पॅनकेक खात. मात्र त्यांच्या लेखी हे ‘उरलेले’ पीठ नव्हते. आंबवण जिवंत ठेवण्याची ती रोजची रीतच होती, आणि त्या आंबट पिठावरून त्या माणसांना नावही मिळाले. त्या पिठाचा आणि त्या नावाचा हा इतिहास.

३/ आधी थोडे गणित. समजा, बरणीत १०० ग्रॅम आंबवण आहे. त्याला रोज त्याच्याइतकेच पीठ आणि तितकेच पाणी लागते. काहीही न काढता हे चालू ठेवले, तर दुसऱ्या दिवशी ३०० ग्रॅम, तिसऱ्या दिवशी ९०० ग्रॅम आणि सात वेळा पीठ घातल्यावर जवळजवळ २१९ किलो! म्हणून जुने काढावेच लागते. सुबत्तेच्या घरात काढलेले पीठ कचऱ्यात जाते. ज्या घरात पीठ पाठीवरून वाहून आणलेले असते, तेथे ते तव्यावर जाते.

४/ आंबवण राखण्याची ही पद्धत फार जुनी आहे. रोमन लेखक थोरला प्लिनी इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावला. त्याच्या ‘नॅचरल हिस्टरी’ या ग्रंथाच्या अठराव्या भागात पाव फुगवण्याच्या रीती नोंदवल्या आहेत. द्राक्षांच्या रसात बाजरीसारखे धान्य भिजवून वर्षभराचे आंबवण केले जाई; पण त्याच्या काळी सर्वसाधारण रीत म्हणजे आदल्या दिवशीच्या पिठाचा थोडा भाग बाजूला ठेवणे. दह्यासाठी विरजण राखून ठेवणाऱ्या घराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

५/ प्लिनी आणखी एक गोष्ट सांगतो : गॉल आणि स्पेनमधील लोक बिअरवरचा फेस घालून पाव फुगवतात, म्हणून त्यांचा पाव हलका होतो. जेथे जे आंबते, तेच पावाच्या कामी येते. पुढे पोर्तुगीज काळात गोव्यातील पोदेरांनी माडाची सूर घालून पीठ फुगवले, ते याच न्यायाने. आंबण्यामागे सजीवांचे कार्य आहे, हे मात्र दीर्घकाळ कुणाला सिद्ध करता आले नव्हते. लुई पाश्चरने दुग्धाम्लाच्या आंबण्यावरील आपला निबंध मांडला तो १८५७ मध्ये.

६/ त्याच एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील स्वयंपाकघर बदलत होते. १८४६ पासून खाण्याचा सोडा घरोघर पोहोचू लागला. १८५० च्या दशकात बेकिंग पावडर आली. १८६८ मध्ये फ्लाइशमन बंधूंनी सिनसिनाटीत दाबून घट्ट केलेल्या यीस्टचा व्यवसाय सुरू केला आणि १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात तो देशभर गाजवला. आता पाव फुगवायला काल राखलेल्या पिठाची गरज उरली नाही. शहरांतून आंबट पीठ मागे पडू लागले, नेमक्या त्याच काळात उत्तरेकडे त्याला नवे आयुष्य मिळाले.

७/ १६ ऑगस्ट १८९६. कॅनडाच्या युकॉन प्रदेशात क्लॉन्डाइक नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यात सोने सापडले. तेथे होते कीश ऊर्फ स्कूकम जिम, त्याचा भाचा डॉसन चार्ली, बहीण शाव त्ला ऊर्फ केट आणि केटचा अमेरिकी नवरा जॉर्ज कारमॅक. ओढ्याला ‘बोनान्झा’, म्हणजे घबाड, असे नाव पडले. पहिले सोने नेमके कुणाला दिसले यावर वाद आहे. शोधाचा दावा मात्र कारमॅकच्या नावावर नोंदला गेला.

८/ ही बातमी बाहेरच्या जगात पोहोचायला जवळजवळ वर्ष लागले. जुलै १८९७ मध्ये ‘एक्सेलसियर’ हे जहाज सॅन फ्रान्सिस्कोला आणि ‘पोर्टलंड’ सिअ‍ॅटलला लागले, आणि खाणकामगार सोन्याने भरलेल्या पिशव्या घेऊन उतरले. अमेरिका तेव्हा १८९३ च्या मंदीतून पुरती सावरली नव्हती. कारकून, शिक्षक, गाडीवान, शेतमजूर असे सुमारे एक लाख लोक उत्तरेला निघाले. डॉसनपर्यंत पोहोचले त्यातले तीस-चाळीस हजार. सोन्याने श्रीमंत झालेले तर मूठभरच.

९/ सोन्याच्या गावी पहिले संकट आले ते अन्नाचे. १८९७ च्या शरद ऋतूत युकॉन नदीचे पाणी उतरले, पुरवठ्याची जहाजे खालीच अडकली आणि नदी गोठू लागली. सप्टेंबरच्या अखेरीस अधिकाऱ्यांनी डॉसनमध्ये सूचना लावली : ज्यांच्याकडे हिवाळ्यापुरते अन्न नाही, त्यांनी गाव सोडावे. खिशात सोने होते, पण विकत घ्यायला पीठ नव्हते. या अनुभवानंतर कॅनडाच्या घोडदळ पोलिसांनी नियम केला : वर्षभराची शिधासामग्री सोबत नसेल, तर सीमेपलीकडे प्रवेश नाही.

१०/ अन्न, तंबू, अवजारे मिळून हा बोजा माणशी सुमारे एक टन भरे. तो चिल्कूट खिंडीतून न्यायचा. शेवटच्या चढावर बर्फात सुमारे १५०० पायऱ्या खोदल्या होत्या. एका खेपेला पाठीवर वीस-पंचवीस किलो. म्हणजे एकाच वाटेने चाळीसएक खेपा. पैसे असणारे लोक त्लिंगित हमालांना मोल देत. ही वाट मुळात त्यांच्याच व्यापाराची होती. ३ एप्रिल १८९८ रोजी याच वाटेवर हिमकडा कोसळून साठांहून अधिक माणसे मेली.

११/ त्या एक टनात सर्वांत मोठा वाटा पिठाचा असे. त्या काळच्या प्रवासी-याद्यांत माणशी सुमारे ४०० पौंड, म्हणजे १८० किलो, गव्हाचे पीठ सांगितलेले आढळते. शिवाय खारवलेले डुकराचे मांस आणि वाल-राजम्यासारखी कडधान्ये. बेकिंग पावडर आणि कोरड्या यीस्टच्या वड्याही यादीत असत. मग आंबट पीठ कशाला? कारण या दोन्ही वस्तू संपतात. बेकिंग पावडरला ओल लागली तर ती डब्यातच निकामी होते. आंबवणाला मात्र लागते फक्त पीठ, पाणी आणि थोडी ऊब.

१२/ ऊब हीच तेथे सर्वांत दुर्मीळ वस्तू होती. थंडीत आंबवणातील यीस्ट सुस्तावते आणि पूर्ण गोठल्यास त्याचा जोर कमी होतो. म्हणून ओंडक्यांच्या झोपडीत आंबवणाचे भांडे शेगडीच्या धुराड्याजवळच्या फळीवर ठेवत. फार कडाक्याच्या रात्री ते अंथरुणात घेऊन झोपत, वाटचालीत कपड्यांच्या आत अंगाशी बाळगत, अशा आठवणी उत्तरेकडे आजही सांगितल्या जातात. त्यांतली अतिशयोक्ती वगळली तरी मूळ गोष्ट खरी आहे : पुढचे गाव शेकडो मैलांवर असताना मेलेले आंबवण पुन्हा उभे करणे सोपे नव्हते.

१३/ दिनक्रम असा असे. रात्री भांड्यात पीठ आणि कोमट पाणी घालून ढवळायचे व ते शेगडीजवळ ठेवायचे. सकाळपर्यंत पीठ फुगून वर येई, त्याला बुडबुडे सुटत. त्यातले थोडे पुन्हा भांड्यात राखून ठेवायचे. बाकीच्यात मीठ, असल्यास साखर आणि शेवटी चिमूटभर सोडा घालायचा. बिडाच्या तव्यावर डुकराची चरबी तापवून त्यावर पीठ ओतायचे. काही मिनिटांत ‘फ्लॅपजॅक’, म्हणजे जाडसर पॅनकेक, तयार. आंबोळी घालणाऱ्या हातांना ही कृती ओळखीची वाटेल. मात्र तांदूळ-उडदाच्या जागी गहू आणि तेलाच्या जागी चरबी.

१४/ चिमूटभर सोड्यामागे रसायनशास्त्र आहे. आंबवणात यीस्टसोबत जिवाणूही असतात. ते दुग्धाम्ल आणि थोडे अ‍ॅसिटिक आम्ल तयार करतात. या आम्लामुळे बुरशीला सहजासहजी शिरकाव मिळत नाही. खाण्याचा सोडा हा अल्कधर्मी असतो. तो आम्लात पडताच कार्बन डायऑक्साइड सुटतो, पीठ तत्क्षणी फुलते आणि आंबटपणाही उतरतो. जुन्या पिठातील थकलेल्या यीस्टचे काम सोडा करतो. म्हणूनच तो शेवटी घालायचा आणि लगेच पीठ तव्यावर सोडायचे; उशीर केला तर वायू निघून जातो.

१५/ मग पाव का नाही? पावही करत. पण पावाला भट्टी हवी, तास-दोन तासांचा धीर हवा आणि ताणले जाणारे मजबूत ग्लुटेन हवे. फार आंबलेल्या पिठात हे ग्लुटेन ढिले पडते. अशा पिठाचा पाव बसका होतो. पॅनकेकला त्याची गरजच नसते, उलट त्यामुळे तो मऊ लागतो. म्हणजे जे पीठ पावाला निरुपयोगी, तेच तव्यासाठी उत्तम. एक तवा, थोडे सरपण, पाच मिनिटे. अंधाऱ्या सकाळी गोठलेली जमीन खणायला जाणाऱ्याला एवढेच परवडत होते.

१६/ आता नावाकडे. उत्तरेत नव्याने आलेल्याला ‘चीचाको’ म्हणत. हा शब्द चिनूक जार्गन या व्यापारी मिश्रभाषेतला. अर्थ ‘नवा आलेला’. ज्याने तेथे एक अख्खा हिवाळा काढला, नदी गोठताना आणि पुन्हा वाहू लागताना पाहिली, तो ‘सावरडो’, म्हणजे ‘आंबट पीठ’. अनुभवी माणसाची पदवी त्याच्या भांड्यातून आली. १९०७ मध्ये रॉबर्ट सर्व्हिस या कवीचा ‘साँग्ज ऑफ अ सावरडो’ हा संग्रह प्रसिद्ध झाला आणि हा शब्द जगभर गेला.

१७/ या पदवीचा अभिमान किती होता, हे १९१० च्या मोहिमेत दिसते. गिर्यारोहणाचा अनुभव नसलेल्या चार खाणकामगारांनी उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च पर्वत देनाली चढायला घेतला. एप्रिलमध्ये बिली टेलर आणि पीट अँडरसन त्याच्या उत्तर शिखरावर पोहोचले. सोबत डोनट, गरम पेय आणि चौदा फुटी लाकडी खांब. हे उत्तर शिखर मुख्य शिखरापेक्षा थोडे बुटके. लोकांनी विश्वास ठेवला नाही. १९१३ मध्ये मुख्य शिखरावर गेलेल्या तुकडीला दुर्बिणीतून तो खांब दिसला. ती मोहीम ‘सावरडो एक्स्पिडिशन’ म्हणूनच ओळखली जाते.

१८/ पण या अन्नाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता येत नाही. पॅनकेक, खारे मांस आणि कडधान्ये यांत क जीवनसत्त्व जवळजवळ नसतेच. हिवाळा सरता सरता हिरड्या सुजत, दात हलू लागत, पायांतले बळ जाई. हा स्कर्व्ही. १८९७ मध्ये गेलेला एकवीस वर्षांचा जॅक लंडन याच रोगाने बेजार होऊन पुढच्या उन्हाळ्यात परतला. त्याच भूमीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले लोक ताजे मांस, मासे आणि रानफळे खाऊन जगत आले होते. शिकण्यासारखे बरेच शेजारीच होते. शिकायची तयारी थोड्यांचीच होती.

१९/ ते शेजारी म्हणजे हान भाषा बोलणारे त्रोंडेक ह्वेचिन लोक. ‘क्लॉन्डाइक’ हा त्यांच्याच ‘त्रोंडेक’ या नावाचा परकीयांच्या तोंडी झालेला अपभ्रंश. रावस मासे पकडण्यासाठी नदीत खुंट ठोकायचे, त्यासाठी लागणाऱ्या दगडाशी हा शब्द निगडित आहे. दोन नद्यांच्या संगमावर त्यांचे मासेमारीचे ठिकाण होते. दोन वर्षांत तेथे खाणकामगारांच्या झोपड्या उभ्या राहिल्या, रानातली झाडे तुटली, शिकार दूर गेली. त्यांचे प्रमुख आयझॅक आपल्या लोकांना घेऊन सुमारे पाच किलोमीटर खाली मूसहाइड या गावी गेले.

२०/ प्रमुख आयझॅक यांनी आणखी एक ओळखले होते. नव्या वस्तीच्या रेट्यात आपली गाणी आणि नृत्ये टिकणार नाहीत. म्हणून त्यांनी ती गाणी, नृत्यातील ‘गान्हाक’ नावाच्या दंडासह, सीमेपलीकडे अलास्कातील आप्तांच्या स्वाधीन केली. जपून ठेवा, असा त्यामागचा हेतू होता. ती गाणी जपली गेली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा मूळ समाजाकडे आली. २०२३ मध्ये ‘त्रोंडेक-क्लॉन्डाइक’ जागतिक वारशाच्या यादीत आले, ते केवळ सोन्यासाठी नव्हे. वसाहतीच्या रेट्याला या समाजाने कसे तोंड दिले, त्याची खूण म्हणून.

२१/ स्थानिक शब्दांचा एक अंश आजच्या बरणीतही आहे. आंबवण उपाशी राहिले की वर करड्या रंगाचे मद्यार्कयुक्त पाणी साचते. त्याला आजचे हौशी बेकर ‘हूच’ म्हणतात. हा शब्द आला ‘हूचिनू’वरून. अलास्कातील अ‍ॅडमिरल्टी बेटावरच्या एका त्लिंगित समाजाच्या नावाचे हे परकीय रूप. तेथे काकवीपासून गाळल्या जाणाऱ्या दारूला हे नाव पडले आणि गोल्ड रशमध्ये ‘हूच’ ही कोणत्याही हलक्या दारूची संज्ञा झाली. समाजाचे नाव दारूला चिकटले. समाज मात्र शब्दकोशाच्या तळटीपेत गेला.

२२/ आंबट पिठाचे दुसरे प्रसिद्ध घर म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. तेथील बूदां बेकरी १८४९ ची. येथील पाव इतरत्र जमत नाही, ही शहराची जुनी श्रद्धा. १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील अमेरिकी कृषी विभागाच्या प्रयोगशाळेत क्लाइन आणि सुगिहारा यांनी आंबवणातील जीव तपासले. जिवाणू माल्टोज ही साखर खातो. तेथील यीस्ट तिला शिवतही नाही. खाण्यावरून भांडण नाही, म्हणून दोघे एकत्र नांदतात. जिवाणूला शहराचे नाव दिले गेले. पुढे तोच जिवाणू युरोपातील आंबवणांतही सापडला!

२३/ २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार खंडांतील ५०० आंबवणे तपासली गेली. कोणत्या प्रदेशातले आंबवण आहे यावरून त्यातील जीव ओळखता येतात, असे दिसले नाही. म्हणून ‘गोल्ड रशच्या काळापासून चालत आलेले’ आंबवण कुणी अभिमानाने दाखवले, तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. पीठ रोज नवे असते, पाणी रोज नवे असते, जिवांच्या असंख्य पिढ्या उलटलेल्या असतात. शंभर वर्षे टिकते ती वस्तू कमी आणि राखण्याची सवय अधिक.

२४/ ही सवय एका साध्या गोष्टीवर उभी असते : थोडे राखायचे, थोडे वापरायचे आणि थोडे दुसऱ्याला द्यायचे. एका झोपडीतले आंबवण मेले, तर शेजारच्या झोपडीतून वाटीभर आणता येई. घरचे विरजण बिघडले की शेजारी वाटी पाठवणाऱ्यांना हा विमा ठाऊक आहे. प्रमुख आयझॅक यांनी गाण्यांच्या बाबतीत हेच केले. ज्यांच्या जमिनीवर गोल्ड रश आदळली, त्यांनी आपले जपायचे ते दुसऱ्याच्या घरी सुरक्षित ठेवले.

२५/ १८९९ मध्ये अलास्कातील नोमच्या किनाऱ्यावर सोने सापडल्याची बातमी आली आणि डॉसनमधले हजारो लोक पाहता पाहता निघून गेले. क्लॉन्डाइकचे सुलभ सोने संपले, कंपन्यांची अवजड यंत्रे आली, बहुतेक माणसे रिकाम्या हाताने घरी परतली. सकाळच्या पॅनकेकची रीत मात्र मागे राहिली. पुढच्या वेळी बरणीतले जास्तीचे पीठ टाकून देण्याआधी तवा तापवावा. चिमूटभर सोडा, थोडे मीठ, आणि लगेच तव्यावर. मात्र बरणीत एक चमचा राखायला विसरू नये.

(समाप्त)